वाचक विचारतात: ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ नव्याने ऐकताना

गेल्या अंकातल्या थ्रॅश मेटलवरच्या (हेवी मेटलच्या वेगवान, आक्रमक प्रकारावरच्या) लेखात वॉचटॉवर या अमेरिकी बँडच्या ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ या १९८९ सालच्या अल्बमचा जेमतेम दोन ओळींत उल्लेख होता. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती अशी: बँड टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, स्थापना १९८२ ची. पहिला अल्बम ‘एनर्जेटिक डिसअसेंब्ली’ त्यांनी १९८५ मध्ये स्वतःच, झॉम्बो रेकॉर्ड्स या नावाने काढला. दुसरा, म्हणजे हा, बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सने काढला. त्यात गायक ॲलन टेकियो, गिटारवर रॉन जारझोम्बेक, बासवर (खालच्या स्वरांच्या गिटारवर) डग कीझर आणि ड्रमवर रिक कोलालुका आहेत. गाणी आठ, एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या थोडा वर.

अल्बम दोनदा ऐकला. दोन्ही वेळा अर्ध्यात सोडला. वादन अवघड आहे हे कळतं, पण गाणं कुठे आहे तेच सापडत नाही. एवढं कौतुक कशाचं? — एक वाचक, ठाणे

गाणं आहे, पण तुम्ही ते गिटारमध्ये शोधताय. बासमध्ये शोधा.

नेहमीच्या थ्रॅशमध्ये कानाला तीन आधार असतात. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, रिफ (गिटारचा फिरून फिरून येणारा छोटा तुकडा) चार वेळा फिरतो आणि गाणारा त्या रिफला धरून गातो. या अल्बममध्ये तिन्ही आधार एकाच वेळी काढून घेतलेले आहेत. रिफची लांबी बदलत राहते, स्नेअर अनपेक्षित जागी येतो आणि गायकाची ओळ गिटारच्या वरून स्वतंत्र जाते. अशा वेळी कान सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मागे धावतो, म्हणजे गिटारच्या. आणि नेमकी गिटारच सगळ्यात जास्त उड्या मारते.

कीझर यांचा बास मात्र या ध्वनिमिश्रणात ठळक आणि स्वच्छ ऐकू येतो. त्या काळच्या थ्रॅशमध्ये हे दुर्मीळ होतं. आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये आलेल्या मेटॅलिकाच्या अल्बममध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही, हे सर्वज्ञात आहे. शिवाय वॉचटॉवरमध्ये गिटारवादक एकच. त्याचा सोलो सुरू झाला की खालची सगळी बाजू बास सांभाळतो. त्यामुळे गाण्याचा सांगाडा बासच्या ओळीत सर्वांत स्पष्ट सापडतो.

ऐकण्याची रीत अशी ठेवा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बासच्या जाड तारेचा मोकळा स्वर ४१ हर्ट्झचा असतो आणि एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. साधा पण कानावर नीट बसणारा हेडफोन पुरेसा आहे. एका बैठकीत एकच गाणं घ्या आणि ते लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बास. दुसऱ्यांदा फक्त स्नेअर. तिसऱ्यांदा गीताचे शब्द समोर ठेवून आवाज. सुरुवात ‘मेडे इन कीव्ह’ने करा, मग शीर्षकगीत. ‘द फॉल ऑफ रीझन’ सर्वांत लांब आहे, सुमारे आठ मिनिटांचं, ते शेवटी ठेवा. दिवसाला दोनच्या वर गाणी नकोत. तिसऱ्या गाण्याला कान थकलेला असतो आणि मग सगळं एकसारखं वाटायला लागतं. तुमचा अल्बम अर्ध्यात सुटतो त्याचं खरं कारण बहुधा हेच.

मी तबला शिकतो आहे. या गाण्यांच्या मात्रा मोजायला बसलो की सम हातातून निसटते. हे कोणत्या तालात आहे? — एक विद्यार्थी, मिरज

कोणत्याही एका तालात नाही, आणि अडचणीचं मूळ तेच आहे. आपल्याकडे आवर्तन ठरलेलं असतं. गायक कितीही लांब गेला तरी झपताल दहाचाच राहतो. इथे आवर्तनाची लांबीच बदलते. एक रिफ सात मात्रांचा, पुढचा आठचा, मग एक अकराचा असा मामला असू शकतो. म्हणून संपूर्ण गाण्याची सम शोधू नका. एका वेळी एकाच रिफचा आरंभ शोधा.

पद्धत सांगतो. गाण्यातला दहा ते पंधरा सेकंदांचा तुकडा निवडून तो संगणकावर सतत फिरता ठेवा. त्यात सर्वांत लहान आणि समान अंतराचा ठोका ओळखा. बहुतेक वेळा तो गिटारच्या दाबून वाजवलेल्या तारेचा खटखट असा आवाज असतो. तीच तुमची मात्रा. ती बोटाने टेबलावर वाजवा. या टप्प्यावर पाय हलवू नका, कारण पाय आपोआप चारच्या चालीत जातो आणि बोटालाही ओढून नेतो. बोट स्थिर झालं की रिफ पुन्हा कुठे सुरू होतो तिथे खूण करा आणि दोन खुणांमधल्या मात्रा मोजा. आकडा आला की तो दोन आणि तीनच्या गटांत फोडा. जोर जिथे पडतो तिथे नवा गट. दोनसाठी ‘तक’, तीनसाठी ‘तकिट’ म्हणा. सात मात्रा ‘तकिट तक तक’ अशा असतील तर विभाग रूपकासारखे, ३-२-२. ‘तक तक तकिट’ आल्या तर मात्रा सातच, पण वजन वेगळं. हा फरक तोंडाने म्हटल्याशिवाय कळत नाही. इथे ठेक्याचे बोल मात्र वापरू नका. ‘तीं तीं ना’ म्हटलं की रूपकाचं स्वतःचं वजन रिफवर लादलं जातं.

रूपकाची एक गोष्ट तुम्हाला फार उपयोगी पडेल. रूपकाची पहिली मात्रा ‘खाली’, म्हणजे विनावजनाची आहे, त्यामुळे समेवर वजनदार ठोका हवाच असा आग्रह तुमच्या कानाला नसतो. पाश्चात्त्य ठेक्यावर वाढलेला श्रोता पहिल्या मात्रेवर किकची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची) वाट पाहतो. कोलालुका यांच्या वादनात ती जागा कित्येकदा मोकळी असते आणि किक एक-दोन मात्रा उशिरा येते. तबल्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

चुका कुठे होतात तेही पाहा. मोजणी साडेतीन किंवा साडेपाच अशी येत असेल तर तुम्ही मात्रा मोठी धरली आहे. ती निम्मी करा, सात आणि अकरा मिळतील. दरवेळी एखादी मात्रा कमी-जास्त येत असेल तर तुम्ही बहुधा आरंभ चुकीचा धरलाय. ख्यालाचा मुखडा समेच्या आधीच उचलतात, तसा रिफही काही वेळा आरंभाच्या एक-दोन मात्रा आधी सुरू होतो. अशा वेळी गिटार सोडून द्या आणि झांज कुठे जोरात वाजते ते पाहा. नव्या भागाचा आरंभ ड्रमर सहसा झांजेने दाखवतो.

आणखी एक भेद लक्षात ठेवायला हवा. कधी सगळे वादक एकत्र सातावरून आठावर जातात, म्हणजे ठेकाच बदलतो. कधी गिटार सातात फिरते आणि ड्रम आठात, दोघेही आपापलं आवर्तन सोडत नाहीत. दुसऱ्या प्रकारात दोघांचे आरंभ ५६ मात्रांनी एकत्र येतात, कारण सात आणि आठ या दोघांनी भाग जाणारा सर्वांत लहान आकडा तोच. शंका आली तर ५६ पर्यंत शांतपणे मोजा. तिथे दोघे जुळले तर दुसरा प्रकार. आधीच जुळले, किंवा ५६ पर्यंत रिफच बदलला, तर पहिला. या अल्बममध्ये पहिला प्रकार शोधायला लागा. एकत्र वळणं घेणं ही या चौघांची मोठी ताकद आहे.

काकांनी १९९० च्या सुमारास कुणाकडून तरी कॉपी करून घेतलेली या अल्बमची कॅसेट सापडली. टेपच्या कडेला पांढरे ठिपके आहेत. थोडी वाजवून पाहिली तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. वाचवता येईल का? — एक वाचक, चिपळूण

येईल, पण आता ती पुन्हा वाजवू नका. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटला ती लागणारच. ती वाजवली की बुरशी हेडवर, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणाऱ्या भागावर, चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. तुमचा डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, तोही आधी साफ करावा लागेल. ठिपके पांढरे नसून तपकिरी भुकटी असेल तर ती बुरशी नव्हे. तो टेपवरचा चुंबकीय थर सुटतोय, आणि मग फार कमी वेळा वाजवण्याची मुभा उरते.

आधी कॅसेट वाळवा. हवाबंद डब्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. ऊन नको, केस वाळवण्याचं यंत्र नको, ओव्हन तर मुळीच नको. टेप भाजून दुरुस्त करण्याची पद्धत काही विशिष्ट मोठ्या रिळांच्या टेपसाठी आहे. कॅसेटचं कवच त्या उष्णतेत वाकतं.

मग मास्क लावून, मोकळ्या हवेत कवच उघडा. पाच स्क्रू असतील तर काम सोपं आहे. पांढऱ्या कापडावर ठेवून उघडा म्हणजे बारीक रूळ हरवणार नाहीत. रूळ, सरकत्या पातळ चकत्या आणि दाबपट्टी कशी बसली आहे त्याचा फोटो आधी काढून ठेवा. स्क्रू नसतील, कवच चिकटवलेलं असेल, तर बोथट सुरी सांध्यातून हळूहळू फिरवून ते फोडा आणि दोन्ही चक्रं एखाद्या पाच स्क्रूंच्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवा. बुरशी असलेलं जुनं कवच तसंही ठेवण्यात अर्थ नाही.

चष्मा पुसायचं कोरडं मऊ कापड दुमडून त्यात टेप अलगद धरा आणि चक्र हाताने फिरवत संपूर्ण टेप त्यातून जाऊ द्या. कापडाची जागा सतत बदला. टेपला अल्कोहोल लावू नका, थर विरघळू शकतो. ही कॉपी ९० मिनिटांच्या कॅसेटवर असण्याची शक्यता मोठी आहे, कारण अख्खा अल्बम तिच्या एका ४५ मिनिटांच्या बाजूवर मावतो. त्या कॅसेटची टेप ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, सुमारे १२ मायक्रॉन. जोरात ओढली तर ती ताणली जाते, आणि ताणलेली जागा पुन्हा सरळ होत नाही.

आता घोंगडीबद्दल. वरचे स्वर जाण्याची तीन कारणं असतात, ती या क्रमाने तपासा.

पहिलं, दाबपट्टी. टेपच्या मागे पितळी पट्टीवर नमद्याचा एक लहान चौकोन असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना डिंक सुटला की तो गळून पडतो आणि आवाज मंद होऊन वरखाली हलतो. दुसऱ्या कॅसेटची पट्टी काढून बसवा.

दुसरं, घाणेरडं हेड. कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि धातूचा दांडा पुसा. हात धुण्याचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि सुगंध असतो. रबरी रुळाला अल्कोहोलने कोरड पडते, तो भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाच्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या.

तिसरं, हेडचा कोन, आणि दुसऱ्याकडून कॉपी केलेल्या कॅसेटमध्ये बहुतेक वेळा हाच गुन्हेगार निघतो. ज्या डेकवर कॉपी झाली त्याच्या हेडचा कल आणि तुमच्या डेकच्या हेडचा कल जुळत नाही. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. दुसरा, स्प्रिंग नसलेला स्क्रू हलवू नका. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका, कारण चूक मोनोमध्ये स्पष्ट कळते. झांजा वाजत असलेली जागा लावा, स्क्रू दोन्ही दिशांना हळू फिरवा आणि झांज सर्वांत चमकदार वाटेल तिथे थांबा. पाव फेरीच्या वर जायची वेळ आली तर दोष दुसरीकडे आहे. मूळ जागेची खूण आधीच करून ठेवा, नाहीतर डेकवर इतर कॅसेट घोंगडीत जातील.

डॉल्बीचं (टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण चालू आणि बंद दोन्ही करून पाहा. कॉपी डॉल्बीविना केली असेल आणि तुम्ही डॉल्बी लावून ऐकत असाल तर वरचे स्वर दाबलेच जाणार.

वाजवण्याआधी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे करा, म्हणजे ताण सारखा होतो. त्यानंतर कोन आणि डॉल्बी छोट्या तुकड्यावर जुळवा आणि पहिल्याच पूर्ण फेरीत संगणकावर नोंदवून घ्या. ‘आधी ऐकून पाहू’ म्हणू नका, कमजोर टेप दुसरी संधी देईलच असं नाही. डेकच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये जोडा, माइकच्या खाचेत नको, तिथे आवाज फाटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फ्लॅक या, दर्जा न घटवणाऱ्या फाइल स्वरूपात जपून ठेवा. खरखर काढण्याची सोय अगदी हलक्या हाताने वापरा, कारण ती झांजांचा शेवटही खाते, आणि या संगीतात झांज कुठे थांबते यावर बरंच अवलंबून असतं.

कॅसेटवरून केलेल्या फाइलसोबत गिटार वाजवायचा प्रयत्न करतो, पण सूर जुळत नाहीत. बँडने गिटार वेगळ्या सुरात लावली होती का? — एक वाचक, पुणे

आधी डेकचा वेग तपासा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी. वेग १ टक्का जास्त असेल तर सूर १७ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, ३ टक्के जास्त असेल तर सुमारे ५१ सेंटने, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने. गिटार मग कोणत्याच पट्टीत जुळत नाही, कारण तुम्ही दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेले असता.

तपासणी सोपी आहे. त्याच गाण्याच्या अधिकृत डिजिटल आवृत्तीची लांबी पाहा. ती २४० सेकंद असेल आणि तुमची फाइल २३३ सेकंद भरत असेल, तर डेक ३ टक्के जोरात आहे. मोजताना पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत मोजा, शांतता धरू नका. उलट गाणं लांबत असेल तर डेकमधला रबरी पट्टा सैल झालाय, तो बदला. पट्टा नवा असूनही चूक राहिली तर मोटरच्या मागच्या छिद्रात बारीक स्क्रू असतो, त्याने वेग जुळवता येतो.

आधीच झालेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करा, पण त्यासाठी ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड’) वापरा. ‘चेंज पिच’ फक्त सूर बदलतो आणि लय चुकीचीच राहते.

परदेशातून जुनी एलपी मागवायची आहे. खरी-खोटी कशी ओळखू? — एक वाचक, नागपूर

मध्यभागी, लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक असतो. विक्रेत्याकडे त्याचा स्पष्ट फोटो मागा आणि डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या नोंदीशी जुळवा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. मुखपृष्ठाची छपाई धूसर असेल, बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतील, तर ते दुसऱ्या मुखपृष्ठाचं स्कॅन करून छापलेलं असण्याचा संभव मोठा.

पाठवताना तबकडी मुखपृष्ठाच्या बाहेर, आतल्या कागदी पिशवीत ठेवून दोन्हींना पुठ्ठ्यांमध्ये घालायला सांगा. नाहीतर प्रवासात तबकडी आतून मुखपृष्ठाची कड फाडते. सीमाशुल्क, जीएसटी आणि टपाल धरून एकूण खर्च आधीच काढा. बहुतेक वेळा तो तबकडीच्या किमतीला गाठतो.

एक व्यावहारिक बाब. १२ इंची तबकडीवर बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर अंतर कापते, अगदी आत २१. तेवढ्याच संगीताला आत निम्म्याहून कमी जागा मिळते. या अल्बममधला उंच आवाज आणि झांजा बाजूच्या शेवटच्या गाण्यात चरचरतात त्याचं कारण हे आहे, तबकडी खराब असेलच असं नाही. शंकूच्या टोकाऐवजी लंबवर्तुळी टोकाची सुई आणि कार्ट्रिज बसवण्याचा नीट कोन यांनी बराच फरक पडतो. फक्त ऐकायचंच असेल तर डिजिटल किंवा सीडी आवृत्ती घ्या आणि ते पैसे हेडफोनवर घाला, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

गायकाचा उंच आवाज सहन होत नाही. — एक वाचक, पणजी

ही तक्रार बऱ्याच जणांची असते. टेकियो यांचा आवाज आणि गिटारची धार एकाच पट्ट्यात, साधारण २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये, एकमेकांवर येतात. कान तिथेच सर्वांत हळवा असतो. इक्वलायझरवर ३ हजार हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कमी करा आणि एकूण आवाज एक पायरी खाली आणा. बासकडे लक्ष द्यायलाही त्याने मदत होते. जेसन मॅकमास्टर गायक असलेला पहिला अल्बम हा यावरचा उतारा नाही, तेही उंचच गातात.

‘मेडे इन कीव्ह’ चेर्नोबिलबद्दल आहे ना? गाण्याचं नाव तसं का? — एक शिक्षिका, सोलापूर

हो. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. शेजारचं प्रिप्यात शहर २७ तारखेला रिकामं केलं. सोव्हिएत सरकारने जाहीर कबुली दिली ती २८ च्या संध्याकाळी, स्वीडनमधल्या फोर्समार्क प्रकल्पात किरणोत्सर्ग पकडला गेल्यानंतर. कीव्ह तिथून सुमारे १०० किलोमीटरवर. तरीही १ मे रोजी तिथल्या ख्रेश्चातिक या मुख्य रस्त्यावर कामगारदिनाचं संचलन नेहमीसारखं झालं, मुलांसह. गाण्याच्या नावातला ‘मे डे’ म्हणजे तो दिवस.

बँडला हा विषय अपघातानंतर सुचलेला नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. त्यांचं ‘मेल्टडाउन’ हे गाणं १९८३ मध्येच एका टेक्सासच्या संकलनात आलं होतं आणि पुढे १९८५ च्या अल्बमवर घेतलं गेलं. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. आधीच्या गाण्यात थ्रॅशचा सरळ वेग बराच शिल्लक आहे, नंतरच्यात लय सतत पायाखालून सरकते, आणि माहिती दडपलेल्या शहराच्या गोष्टीला ती अस्थिरता शोभते. तांत्रिक वादन अर्थाच्या कामी कसं येतं याचं या अल्बममधलं हे सर्वांत चांगलं उदाहरण.

एवढा चांगला बँड मग गायब का झाला? — एक वाचक, नाशिक

माणसं बदलत गेली. पहिल्या अल्बमचे गिटारवादक बिली व्हाइट बाहेर पडले आणि पुढे डॉन डॉकन यांच्या १९९० च्या अल्बमवर वाजले. मॅकमास्टर डेंजरस टॉइज या बँडकडे गेले. त्यांच्या जागी सॅन अँटोनियोच्या एस. ए. स्लेयरमधून जारझोम्बेक आणि न्यू जर्सीच्या हेडीजमधून टेकियो आले. ‘मॅथेमॅटिक्स’ नावाचा तिसरा अल्बम ठरला होता, पण जारझोम्बेक यांच्या हातावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि काम रखडत गेलं. २०१० मध्ये ‘द साइज ऑफ मॅटर’ हे एक गाणं आलं. २०१६ मध्ये ‘कॉन्सेप्ट्स ऑफ मॅथ: बुक वन’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आली, त्यात गायक पुन्हा मॅकमास्टर. जारझोम्बेक यांचं काम पुढे ऐकायचं असेल तर भाऊ बॉबी यांच्यासह केलेला स्पॅस्टिक इंकचा ‘इंक कम्प्लीट’ हा १९९७ चा अल्बम घ्या.

बास शिकतोय. या अल्बममधले तुकडे बसवताना मनगट दुखतं आणि वेग येत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

दुखणं आधी. बोटांत मुंग्या येत असतील किंवा सकाळी उठल्यावरही दुखत असेल तर सराव थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसता ताण असेल तर पट्टा आखूड करून बास वर घ्या, मनगट सरळ राहील अशा उंचीवर. तार फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) अगदी मागे दाबली की निम्म्या जोरात स्वर निघतो. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर त्या खाली आणून घ्या. पंचवीस मिनिटं सराव, पाच मिनिटं हात मोकळा.

वेगाचं कारण बहुधा मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र आहे. तो चौथाईवर (पाश्चात्त्य मोजणीतल्या नेहमीच्या मोठ्या ठोक्यावर) लावला की विषम गटांत त्याचा ठोका कधी स्वरावर, कधी दोन स्वरांच्या मध्ये पडतो आणि तुम्ही त्याच्याशी भांडत राहता. तो सर्वांत लहान मात्रेवर लावा, प्रत्येक स्वराला एक टिक. मूळ वेगाच्या ५५ टक्क्यांवर सुरू करा, ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’ने, म्हणजे सूर तसाच राहील. सलग पाच वेळा बिनचूक आलं की ३ टक्के वाढवा. एक चूक झाली तर ६ टक्के मागे या.

रिफपेक्षा रिफ आणि रिफच्या मधले सांधे आधी बसवा. जुन्या रिफच्या शेवटच्या चार मात्रा आणि नव्याच्या पहिल्या चार, एवढाच तुकडा फिरवा. माणसं घसरतात ती नेहमी सांध्यावर, आणि घरी सराव मात्र रिफच्या मध्यभागाचा करतात.

या वाटेवर पुढे काय ऐकावं? — एक वाचक, न्यू जर्सी

झुरिकच्या कोरोनरचा ‘नो मोर कलर’, १९८९ चा, याच नॉइज रेकॉर्ड्सचा. तिघेच वादक, सोलो अतिशय सुरेल, ठेका पकडायला वॉचटॉवरपेक्षा सोपा. खरं तर अनेकांनी आधी कोरोनर आणि मग वॉचटॉवर ऐकावं. त्यानंतर क्वीबेकच्या व्हॉइव्हॉडचा ‘नथिंगफेस’, तोही १९८९ चा. त्यात वेग कमी, पण गिटारचे सुरावटीबाहेरचे कॉर्ड कानाला नवी सवय लावतात. म्युनिकच्या सीजेस ईव्हनचा ‘लाइफ सायकल’, १९८८ चा, वॉचटॉवरच्या सर्वांत जवळचा आणि तितकाच कठीण. तो घाईने घेऊ नका. गाण्याची ओळ आधी हवी असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या टॉक्सिकचा ‘थिंक धिस’, १९८९ चा. इथून डेथ मेटलकडे वळायचं असेल तर फ्लोरिडाच्या एथिइस्टचा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’, १९९१ चा. त्यातही आधी बासच ऐका.